‘ग्रब’ : अळी, जेवण आणि भांडवल



पी. यू. सी.च्या पहिल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला मी एका वाक्याचा अर्थ मराठीत सांगितला होता : ‘मजुरांनी झाडाखाली बसून अळ्या खाल्ल्या.’ सारा वर्ग हसला. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीची ही फजिती वर्गाला पुढे बरेच दिवस पुरली. मूळ वाक्यात शब्द होता ‘ग्रब’. मी चुकले हे खरेच. पण हा शब्द मला येत नव्हता असे मात्र नव्हे. तो मी पुस्तकात नव्हे, आमच्या उसाच्या फडात शिकले होते.

आमच्या बेळगाव भागात ऊस आणि भुईमूग पिकविणाऱ्याला हुमणी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पांढुरकी, जाडसर, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली ही अळी जमिनीत राहून मुळे कुरतडते. ऊस पिवळा पडून वाळू लागतो आणि हाताने ओढला तर सहज उपटून येतो. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुलिंबावर, बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडणे आणि गोळा करून मारणे हा उपाय आजही करतात. कन्नडमध्ये या अळीला ‘गोण्णे हुळु’ म्हणतात, आणि औषधाच्या पुड्यावर इंग्रजीत लिहिलेले असते ‘व्हाइट ग्रब’. वडिलांना ती अक्षरे वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे असे. तेव्हा ‘ग्रब’ म्हणजे हुमणी, हे मला पक्के ठाऊक होते!

त्या फजितीनंतर मी ग्रंथालयातला जाडा कोश उघडला. ‘ग्रब’ हे क्रियापद मध्ययुगापासूनचे. अर्थ खणणे, उकरणे, मुळासकट उपटणे. थडग्याला इंग्रजीत ‘ग्रेव्ह’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. माती उकरीत राहणारी अळी ती ‘ग्रब’, आणि मळकट ते ‘ग्रबी’. जेवण हा अर्थ बोलीभाषेत आला तो सतराव्या शतकाच्या मध्याला. पाखरे अळ्या टिपून पोट भरतात त्यावरून तो आला असावा, असा एक तर्क आहे. तो खरा असेल तर माझी अळी त्या वाक्याला अगदीच परकी नव्हती. लंडनमध्ये ‘ग्रब स्ट्रीट’ नावाचा एक रस्ताही होता. पोटासाठी मिळेल ते लिहिणारे गरीब लेखक तेथे राहत. डॉ. जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात या रस्त्याची नोंद केली, आणि तेथल्या रहिवाशांत कोश लिहिणारेही गणले. १८३० साली रस्त्याचे नाव बदलून ‘मिल्टन स्ट्रीट’ झाले. असो.

अर्थ कळला म्हणजे शब्द कळला, अशा समजुतीत मी बी. कॉम.ला आले आणि दुसऱ्यांदा आपटले. वाणिज्य मंडळाच्या व्याख्यानाचे इंग्रजी निमंत्रण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. शेवटी मी ऐटीत लिहिले की व्याख्यानानंतर ‘ग्रब’ची व्यवस्था केली आहे. सरांनी तांबड्या शाईने शब्द खोडून ‘रिफ्रेशमेंट्स’ लिहिले आणि एवढेच विचारले, ‘‘घरी आलेल्या पाहुण्यांना ‘गिळायला चला’ म्हणतेस का गं?’’

या एका प्रश्नाने मला कोशापेक्षा अधिक शिकविले. आमच्या घरात पाहा. पाहुण्यांना आई ‘जेवायला बसा’ म्हणते, देवापुढे नैवेद्य असतो, भटजींचे भोजन होते, प्रवासाला शिदोरी लागते, आणि धाकटा भाऊ क्रिकेट खेळून दिवेलागणीला परतला की त्याच्या वाट्याला ‘गिळ एकदाचं’ येते. ताटात मात्र तीच भाकरी असते. इंग्रजीतही तसेच आहे. ‘ग्रब’ मित्रामित्रांत चालतो. ‘चाऊ’ हा चीनच्या किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांच्या मोडक्या इंग्रजीतून आला आणि अमेरिकन सैनिकांच्या तोंडी रुळला. ‘नॉश’ यिद्दिशमधला, मुळात त्याचा अर्थ मधल्या वेळी काहीतरी तोंडात टाकणे असा. ऑस्ट्रेलियात ‘टकर’ म्हणतात. ‘व्हिटल्स’ हा जुना शब्द लिहिताना मध्ये ‘सी’ घालावा लागतो आणि बोलताना तो गिळावा लागतो. ‘प्रोव्हिजन्स’ म्हणजे शिधासामग्री. पण हाच शब्द ताळेबंदात भेटला की तेथे बुडीत कर्जाची तरतूद निघते. कोशात हे सारे एका ओळीत समानार्थी म्हणून बसतात, पण एकाच्या जागी दुसरा बसविला की माझ्या निमंत्रणासारखी गत होते.

दोन भाषांच्या शेजारात तर एकच शब्दही फसवितो. माझी एक कन्नड मैत्रीण आमच्याकडे जेवायला बसली असता ‘अन्न बेड’ म्हणाली. अन्नाला ‘नको’ म्हणाली म्हणून आजी हबकली! कन्नडमध्ये ‘अन्न’ म्हणजे शिजवलेला भात. तिला फक्त भात नको होता. पोळी तिने आणखी दोन घेतल्या.

आता आपल्या वाणिज्य शाखेचा एक शब्द सांगते, ‘ग्रबस्टेक’. एकोणिसाव्या शतकात पश्चिम अमेरिकेत सोन्याचांदीचा शोध घेत हिंडणाऱ्यांजवळ पैसा नसे. एखादा दुकानदार त्यांना पीठ, डाळ, कुदळी, फावडी देई. खाण सापडली तर तिच्यात त्याचा हिस्सा. १८७८ साली कोलोरॅडोतील लेडव्हिल गावी होरेस टेबर या दुकानदाराने दोघा शोधकांना असाच शिधा दिला. पहिल्या खेपेचा माल सुमारे १७ डॉलरचा होता असे सांगतात. त्यांना चांदीची खाण लागली, टेबरला तिचा तिसरा हिस्सा मिळाला आणि पुढल्याच वर्षी त्याने तो दहा लाख डॉलरना विकला. १८९३ साली चांदीचा भाव कोसळला तेव्हा त्याचे वैभवही गेले, ही गोष्ट वेगळी.

या व्यवहाराला काय म्हणावे? खाण न लागली तर दुकानदाराने पिठाचे पैसे मागायचे नाहीत. म्हणजे हे कर्ज नव्हे. भागीदारी म्हणावी, तर आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्याचे सहावे कलम आडवे येते : नुसता नफ्यात वाटा घेतल्याने कोणी भागीदार ठरत नाही. वर्गात यावर पाऊण तास वाद झाला आणि या वेळी मला कोणी हसले नाही.

मराठीत यासाठी मी ‘शिध्याची भागी’ असा शब्द सुचविते. कन्नड विभागातील मित्रांनी त्यांचा शब्द पुढील अंकात अवश्य कळवावा.