दाराबाहेरचें ज्ञान

हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या खडकांत एक अरुंद घळ आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीचें पाणी त्या चिरेंत कोंडतें आणि एकदम वर उसळतें. पण वेळ साधली पाहिजे. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीचा तास निघतो : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. होडीवाल्यांच्या घरचें पोरही हें बोटांवर मोजतें.

आतां गंमत पाहा. सभामंडपांत कोणी पंचांग उघडून तिथी सांगितली कीं तें शास्त्र. मासळी निवडणाऱ्या बाईनें त्याच तिथीवरून वेळ सांगितली तर आपण म्हणतों, "बरं, कोणा जाणत्याला विचारून येऊं." अहो, जाणती तीच ना! मीं स्वतः हें केलें आहे. विचारून परत येईतों पाणी ओसरलें होतें.

गोरोबाकाकांची कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. तेरच्या त्यांच्या घरीं संत जमले, आणि मुक्ताईच्या सांगण्यावरून काकांनीं थापटण्यानें एकेकाचें डोकें ठोकून पाहिलें. नामदेवराय कच्चे ठरले! कथा सांगतांना आपण नामदेवांच्या रुसण्यावर थांबतों. मला वाटतें, थापटण्याकडे पाहावें. मडकें पारखण्याची कुंभाराची रीत त्या दिवशीं संतांच्या पारखेला लागली, कारण बैठक कुंभाराच्या अंगणांत होती. देवळाच्या गाभाऱ्यांत तें थापटणें कोणी आंत तरी नेऊं दिलें असतें का?

चोखोबांचें उलट झालें. त्यांचे अभंग अनंतभट्टांनीं लिहून घेतले अशी परंपरा आहे. ते टाळमृदंगांत गाइले गेले. चोखोबा मात्र महाद्वाराबाहेर. 1338 त मंगळवेढ्यास भिंत कोसळून ते गेले, तेव्हां समाधीही नामदेव पायरीसमोर, बाहेरच झाली. पुढें सहाशे वर्षें त्यांचा शब्द आंत आणि त्यांचीं माणसें बाहेर. 1947 च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरांत उपोषण केलें, तेव्हां कोठें वाट मोकळी झाली. ज्याचा अभंग चालतो त्याचें पाऊल चालत नाहीं, हें इतकीं वर्षें आपल्याच लोकांना खुपलें कसें नाहीं?

परवां एकादशीच्या भजनाला ती मासळीवाली बाई आली होती. दाराशीं, चपलांजवळ बसली. "आंत या" असें कोणी म्हणालें नाहीं, मीही नाहीं. सकाळीं घळीकडे जातांना मात्र वेळ तिलाच विचारली.

"आज बारस नव्हं? नवाला भरती," ती म्हणाली, आणि टोपलीकडे वळली.