तापात सोडियमही बघा

किडनी बदललेल्या माणसाला ताप आला की घरच्यांचे डोळे क्रिएटिनिनच्या आकड्याकडे लागतात. त्यात डेंगी निघाला तर प्लेटलेटच्या आकड्याकडेही. माझ्या यजमानांच्या जिवावर बेतलं ते मात्र तिसऱ्याच आकड्यामुळे. तो आकडा होता रक्तातल्या सोडियमचा.

आम्ही हैदराबादला जामबागेत राहतो. यांना माझ्या नणंदेने किडनी दिली, त्याला काही वर्षं झाली. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन वेळच्या वेळी चालू होतं, तब्येत चांगली होती. पावसाळ्यात ताप आला आणि डेंगी निघाला. क्रिएटिनिन नेहमीइतकंच होतं, प्लेटलेट उतरले होते पण धोक्याच्या पातळीला नव्हते. जवळच्या एका दवाखान्यात सांगितलं, भरपूर पाणी पाजा. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच सांगत होता.

मग डोकं दुखू लागलं, मळमळ सुरू झाली. ताप उतरला तरी हे गुंगीतच होते. दीर म्हणाले, "वहिनी, अशक्तपणा आहे, झोपू द्या." संध्याकाळी हे अचानक उठून बसले आणि म्हणाले, "विवेकवर्धिनीची घंटा झाली, मला तासाला उशीर होतोय." त्या शाळेतून निवृत्त होऊन यांना बरीच वर्षं झाली आहेत. तडक प्रत्यारोपण झालं होतं त्या रुग्णालयात गेलो. सोडियम ११७ होतं. ते १३५ ते १४५ असायला हवं. १२५ च्या खाली गेलं की प्रकरण गंभीर, आणि उशीर झाला तर झटके येतात, शुद्ध हरपते.

तिथल्या डॉक्टरांनी जे समजावलं ते प्रत्येक प्रत्यारोपित कुटुंबाला माहीत असायला हवं. ताप, उलटी, वेदना यांमुळे शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक वाढतं. किडनी लघवीवाटे जास्तीचं पाणी टाकायचं थांबवते. वरून आपण साधं पाणी पाजत राहतो. आमटीत मीठ तेवढंच ठेवून पाणी वाढवत गेलं की ती अळणी होते, तसं रक्ताचं होतं. हे कोणत्याही डेंगीच्या रुग्णाला होऊ शकतं. पण प्रत्यारोपित रुग्णाला धोका जास्त, कारण टॅक्रोलिमसमुळे लघवीतून मीठ जाऊ शकतं, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी देतात त्या को-ट्रायमोक्साझोलने आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही सोडियम उतरतं. सोडियम उतरलं की मेंदूच्या पेशींत पाणी शिरून त्या सुजतात. गोंधळ, गुंगी, असंबद्ध बोलणं ही त्या सुजेची लक्षणं असतात.

"सलाइन लावून लगेच भरून काढा ना," असं आमच्यातल्या काहींनी डॉक्टरांना विनवलं. पण घाई इथे घातक ठरते. झटके येत असतील तर तीव्र मिठाचं सलाइन थोडं देऊन सुरुवातीला आकडा जरा वर आणतात, एरवी चोवीस तासांत साधारण ८ ते १० पेक्षा जास्त चढू देत नाहीत. त्याहून वेगाने चढलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. आधी लघवीतलं सोडियम तपासलं, कारण कुणाचं पाणी कमी करावं लागतं, तर कुणाला मिठाचं सलाइनच द्यावं लागतं. यांचं पाणी मोजून कमी केलं, दर काही तासांनी रक्त तपासलं. आकडा हळूहळू वर आला आणि बोलणं ताळ्यावर आलं.

डेंगी हे एकच कारण नाही. कोविडमध्येही सोडियम उतरल्याचं जगभर दिसलं. विशेषतः अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ह्यूमन हर्पीस व्हायरस ६ डोकं वर काढू शकतो. बहुतेकांच्या शरीरात हा विषाणू लहानपणापासून सुप्त असतो. तो मेंदूत पसरला की रुग्ण नुकतं घडलेलं विसरतो, आणि त्याच सुमाराला सोडियम उतरलेलं आढळतं. म्हणून विसरभोळेपणा आणि कमी सोडियम एकत्र दिसले तर मेंदूचीही तपासणी व्हायला हवी.

आता ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना कळकळीने सांगते.

ताप आला की पहिल्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा. क्रिएटिनिन आणि प्लेटलेटबरोबर सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या आणि ताप उतरला तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करा.

पाणी किती द्यायचं हे डॉक्टरांना विचारा. ओआरएसचं पाकीट सांगितलं तर त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात पूर्ण विरघळवा. शहाळ्याच्या पाण्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम भरपूर असतं, आणि टॅक्रोलिमस घेणाऱ्यांचं पोटॅशियम आधीच वाढलेलं असू शकतं. घरच्या घरी मीठ कालवून पाजणं हाही उपाय नाही.

प्रेडनिसोलोन स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. गोळी उलटून पडली तर लगेच कळवा, कारण शरीराला स्टेरॉइड कमी पडलं तरीही सोडियम उतरतं. तापावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका; किडनीला आणि डेंगीत रक्तस्रावाच्या दृष्टीनेही ती धोक्याची. मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिक आणू नका, कारण क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या औषधाने टॅक्रोलिमसची पातळी एकदम चढते.

रुग्णाला रोज तीन प्रश्न विचारा: आज वार कोणता, आपण कुठे आहोत, सकाळी काय खाल्लं? उत्तर चुकलं, डोकं फार दुखलं, उलट्या थांबेनात, चालताना तोल गेला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी निघा. चालू औषधांची यादी आणि मागचे रिपोर्ट बरोबर घ्या, आणि तिथल्या डॉक्टरांना आधी हे सांगा की रुग्णाचं प्रत्यारोपण झालेलं आहे.

सोडियमची तपासणी साधी आहे, बहुतेक प्रयोगशाळांत त्याच दिवशी रिपोर्ट मिळतो. तापातल्या गोंधळाला अशक्तपणा समजू नका, सोडियम तपासा.