फरशीवरील जुनाट डाग आणि त्यांचा परिहार

दुकानाची फरशी ही पेढीच्या व्यवस्थेची साक्षीदार होय. बेळगाव-निपाणी भागातील आम्हां व्यापाऱ्यांच्या पेढ्यांत व घरांत तेलाचे डबे, गुळाच्या ढेपा, हळदीची पोती आणि तंबाखूचे बोद यांची नित्य ये-जा असते. सबब डाग पडणे अपरिहार्य आहे. परंतु ते घालविण्याच्या उतावळेपणात फरशीच गमावण्याचे प्रसंग वारंवार दृष्टीस पडतात, म्हणून या विषयाचा थोडा विचार येथे करीत आहोत.

प्रथम दगडाची जात ओळखावी. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादी फरशी, आंध्रातील कडप्पा आणि राजस्थानातील कोटा हे सर्व चुनखडीचे दगड होत. संगमरवर त्याच कुळातला. मोझेक लादीत सिमेंट व संगमरवराचे तुकडे असतात. या सर्वांत कॅल्शियम कार्बोनेट असते, आणि आम्लाचा स्पर्श होताच ते फसफसून विरघळते. याउलट काळा पाषाण, ग्रॅनाइट आणि चकचकीत चिनी मातीच्या लाद्या आम्लास बऱ्याच अंशी दाद देत नाहीत; मात्र लाद्यांच्या सांध्यांतील सिमेंट खाल्ले जातेच. शंका असल्यास उरलेल्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा. बुडबुडे आले तर तो दगड चुन्याचा समजावा.

बाजारात मिळणाऱ्या फरशीच्या अ‍ॅसिडने एक दिवस फरशी उजळते, कारण वरचा थरच निघून जातो. पुढे ती खरखरीत होते आणि नवे डाग अधिक लवकर शोषून घेते. लिंबू, चिंच वा व्हिनेगर यांनी पडलेला पांढुरका ठिपका हा डाग नसून दगडाला झालेली जखम आहे. तिला पॉलिशावाचून उपाय नाही.

आता डागांचे प्रकार पाहू.

तेल : ताजे सांडल्यास पाणी न ओतता कोरडे पीठ वा खडूची पूड पसरून ते टिपून घ्यावे. जुन्या डागासाठी धुण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून त्यात खडूची पूड किंवा मुलतानी माती कालवावी व अर्धा इंच जाडीचा लेप द्यावा. वर प्लॅस्टिक अंथरून तो २४ तास ठेवावा, मग उघडा करून पूर्ण वाळू द्यावा. वाळताना लेप दगडातील तेल वर ओढून घेतो. तो लाकडी पट्टीने खरवडावा आणि आवश्यक तर क्रिया पुन्हा करावी.

हळद, पान, तंबाखू : हळदीवर सोडा पडला की ती लाल होते, त्याने घाबरू नये. हे डाग प्रथम साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावेत. जे उरेल त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडात कालविलेल्या खडूचा लेप द्यावा; आधी कोपऱ्यात परीक्षा घ्यावी. हळदीचा रंग उन्हानेही उडतो.

गंज : डब्यांच्या बुडाचा गंज संगमरवरावर बसल्यास सहा भाग पाण्यात एक भाग सोडियम सायट्रेट विरघळवावे, त्यात सात भाग ग्लिसरीन मिसळावे आणि खडूच्या पुडीसह लेप करून काही दिवस तो बदलत राहावा.

गूळ : नुसत्या पाण्यानेही तो निघतो. तथापि पाणी टाकण्यापूर्वी मऊ केरसुणीने मुंग्या हळुवार बाजूस कराव्यात. जीवदयेचा विसर कामाच्या घाईत पडू नये.

पांढरी बुकटी : पावसाळ्यानंतर येणारी ही बुकटी ओलीबरोबर वर आलेल्या क्षारांची असते. ती कोरड्या ब्रशाने झाडावी व ओलीचे मूळ शोधावे. पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा आत मुरतात.

एक इशारा माताभगिनींस व नोकरवर्गास अवश्य सांगावा. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात इप्रच्या रणभूमीवर सैनिकांविरुद्ध वापरला गेला तोच हा वायू. बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. चुकून मिश्रण झाल्यास तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे.

सारांश, डागाची जात व दगडाची जात जुळवून, सौम्य उपायापासून आरंभ करावा. मालाची पारख करून भाव ठरविणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंस हा नियम नवा नाही. तोच घरच्या फरशीसही लावावा, इतकीच आमची विनंती आहे.