खेळांचा संगणक : तयार घ्यावा कीं जुळवून घ्यावा?

वार्षिक परीक्षा संपली कीं अलीकडे पुष्कळ घरांत एकच विषय निघतो. मुलास खेळांसाठीं संगणक हवा असतो, वडील विचारतात, "किती रुपयांचा?" आणि साठ हजारांचा आंकडा कानीं पडतांच संभाषण तेथेंच थांबतें. मध्यम स्थितीच्या कुटुंबांत एवढी रक्कम म्हणजे कित्येक महिन्यांची शिल्लक. ती एकदां भलत्या ठिकाणीं गेली तर पुन्हां सांठण्यास फार काळ लागतो. म्हणून कंपनीचा तयार संगणक घ्यावा, कीं सुटे भाग आणून तो जुळवावा, हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. तो हिशेबाचा आहे, व हिशेबानेंच सोडविला पाहिजे.

प्रथम हें यंत्र काय करतें तें पाहूं. नेहमींच्या पडद्यावर आडवे १,९२० व उभे १,०८० बिंदु असतात. गुणाकार केला असतां २०,७३,६०० बिंदु होतात. खेळांतील हालचाल डोळ्यांस सलग वाटावी म्हणून असें चित्र सेकंदास ६० वेळां नव्यानें काढावें लागतें. म्हणजे दर सेकंदास १२ कोटि ४४ लक्षांहून अधिक बिंदूंचा रंग ठरवावयाचा. हें काम मुख्यत्वें प्रोसेसरचें नव्हे. प्रोसेसर म्हणजे कोणतेंहि अवघड गणित सोडविणारे सहा-आठ पंडित. ग्राफिक्स कार्ड म्हणजे साधी बेरीज-गुणाकार करणाऱ्या हजारों कारकुनांची कचेरी. पत्र लिहिणें, जमाखर्च ठेवणें, धडे पाहणें यांस पंडित पुरतात. खेळास कचेरी लागते.

यावरून पैसा कोठें पडावा हें उघड होतें. पडद्याची किंमत वगळून उरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा, किंबहुना थोडा अधिकच, ग्राफिक्स कार्डावर पडावा असें माझें मत आहे. स्वस्त तयार यंत्रांत बहुधा उलट घडलेलें दिसतें. खोक्यावर प्रोसेसरचें नांव व रॅमचा आंकडा ठळक असतो; कार्ड कोणतें, हें बारीक अक्षरांत असतें, किंवा कार्डच नसतें. दुसरा उपेक्षित भाग म्हणजे एसएमपीएस, अर्थात् वीज पुरविणारी पेटी. कॅबिनेटबरोबर फुकट आल्यासारखी येणारी ही पेटी ४५० वॅटचें लेबल मिरविते. परंतु त्या लेबलावरच खालीं १२ व्होल्टच्या तारेवर किती अँपिअर मिळतात तें छापलेलें असतें, आणि तें सहसा कोणी वाचीत नाहीं. प्रोसेसर व कार्ड हे दोघेहि मुख्यतः त्याच तारेवर जगतात. तेथें १८ अँपिअर लिहिले असतील तर १२ × १८ = २१६ वॅट, एवढाच खरा आधार. पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेलें सूत्र बाजारांत असें उपयोगी पडतें. हलकी पेटी जळते तेव्हां ती नेहमीं एकटी जळत नाहीं. कधीं कधीं मदरबोर्ड व कार्ड यांसहि बरोबर नेते. म्हणून '८० प्लस' ही खूण असलेली, नांवाजलेल्या कंपनीची पेटीच घ्यावी. येथें हजार रुपये वांचविणें म्हणजे शुद्ध अविचार होय.

जुळविलेल्या संगणकाचा मोठा गुण म्हणजे त्याचे भाग प्रमाणबद्ध असतात. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें 'एटीएक्स' नांवाचें माप प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून कोणत्याहि कारखान्याचा मदरबोर्ड कोणत्याहि कारखान्याच्या कॅबिनेटांत बसूं लागला. मोठ्या कंपन्यांच्या तयार यंत्रांत मात्र पुष्कळदां पेटी निराळ्या आकाराची व तारांचीं टोंकें निराळीं असतात. असें यंत्र दोन वर्षांनीं वाढवूं गेल्यास भाग बदलण्याऐवजीं यंत्रच बदलण्याची पाळी येते. उलट, एएमडीच्या 'एएम-४' खाचेचे २०१७ सालचे कित्येक मदरबोर्ड आंतील आज्ञावली नवी केल्यावर २०२२ सालचा प्रोसेसरहि स्वीकारतात.

तथापि तयार यंत्राचा पक्ष अगदींच दुबळा नाहीं. तेथें पावती एक, हमी एक आणि जबाबदारीहि एकाची. जुळविलेला संगणक बंद पडला तर दोष रॅमचा कीं मदरबोर्डाचा, हें आधीं आपणांस शोधावें लागतें. मग ज्या भागाचा दोष त्याच्या कंपनीकडे धांव घ्यावी लागते. शिवाय भावांचा भरंवसा नसतो. २०२१ सालीं आभासी चलन 'खणण्या'साठीं लोकांनीं ग्राफिक्स कार्डें इतकीं उचललीं कीं विद्यार्थ्यांस तीं मूळ किंमतीच्या दुपटीनेंहि मिळेनात. सप्टेंबर २०२२ मध्यें 'इथेरियम'नें ती रीत सोडल्यावर तींच राबलेलीं कार्डें जुन्या बाजारांत आलीं. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनीं मागणी वाढविली, आणि रॅमच्या पट्ट्यांचे भाव भडकले. अशा दिवसांत मोठा कारखानदार जुन्या खरेदीच्या सांठ्यावर यंत्र स्वस्त देऊं शकतो. तेव्हां भाग जुळविणेंच नेहमीं स्वस्त, हा कांहीं त्रिकालाबाधित नियम नव्हे.

हा वाद आपल्या देशांत फार जुना आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनें १९५५ सालीं इंग्लंडहून 'एचईसी-२एम' हा संगणक विकत आणविला. त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील तरुणांनीं स्वतः संगणक बांधावयास घेतला. त्यांचे पुढारी आर. नरसिंहन् हे होते. इतर बहुतेकांस संगणक नुसता वापरण्याचाहि अनुभव नव्हता. लहान नमुना १९५६ मध्यें चालूं लागला, पूर्ण यंत्र १९६० मध्यें सिद्ध झालें, आणि १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. पुढें काम वाढलें तेव्हां, १९६४ सालीं, त्याच संस्थेनें अमेरिकेंतून 'सीडीसी ३६००' हा मोठा संगणक खरेदी केला. यांत विसंगति कोणतीच नाहीं. ज्यांनीं एक यंत्र स्वहस्तें बांधलें होतें ते दुसरें पारखून घेण्यास समर्थ झाले होते. १९९१ सालीं पुण्याच्या सी-डॅकनें 'परम ८०००' उभारला तो तर बाजारांत मिळणारे लहान ट्रान्सप्युटर मोठ्या संख्येनें जोडून, म्हणजे एका अर्थीं जुळवूनच.

आतां नाशिकचें पाहूं. शरणपूर रस्ता, कॅनडा कॉर्नर या बाजूस चौकशी केल्यास सुटे भाग मिळतात, आणि दुकानदार ते आपल्यासमोर जुळवूनहि देतो. मला हा मधला मार्ग बहुतेकांस योग्य वाटतो. भागांची यादी आपण करावी, बांधणी जाणत्याच्या हातून व्हावी, आणि मुलानें शेजारीं उभें राहून ती पाहावी. पावती जीएसटीची असावी व तीवर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. तोंडी हमीस किंमत नाहीं. विंडोजची प्रत विकत घेतलेली आहे कीं कोणाची उचललेली, हेंहि पालकांनीं स्पष्ट विचारावें. पंचवटी एक्स्प्रेसनें दादरला उतरून ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर गेल्यास कांहीं भाग स्वस्त मिळतीलहि; परंतु बिघाड झाल्यास तीच यात्रा पुन्हां घडते, तिचें भाडें हिशेबांत धरावें. आणखी एक गोष्ट : आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिसाच्या आसपास जातो, आणि सुटीमुळें खेळहि तेव्हांच अधिक. पुढील बाजूस कांचेची तावदानें व रंगीत दिवे असलेल्या कॅबिनेटापेक्षां जाळीचें, दोन पंखे असलेलें साधें कॅबिनेट शतपटीनें चांगलें. दिवे उष्णता बाहेर टाकीत नाहींत.

ज्यांस साठ हजार परवडत नाहींत त्यांनीं निराश होऊं नये. कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक स्वस्त मिळतात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला असल्यामुळें, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तरच असें यंत्र घ्यावें, म्हणजे त्यावर विंडोज ११ चालेल. त्यांत वेगळी वीज न मागणारें लहान कार्ड बसवितां येतें. दुसरा उपाय म्हणजे ज्यांत चित्रशक्ति अंगचीच आहे असा प्रोसेसर घेऊन आरंभ करणें व कार्ड पुढील वर्षीं घेणें. अशा वेळीं १६ जीबीची एकच पट्टी न घेतां ८ जीबीच्या दोन घ्याव्या, कारण दोन वाटांनीं माहिती दुप्पट वेगानें येते व अंगच्या चित्रशक्तीस त्याचा फार लाभ होतो. मात्र मदरबोर्ड व वीजपेटी पुढील कार्डाचा विचार करून आजच निवडावी, आणि तें कार्ड मागविण्यापूर्वीं कॅबिनेटची आंतली लांबी फूटपट्टीनें मोजून ठेवावी.