कडू कारले

आज कारल्याची भाजी आहे, एवढे शब्द स्वयंपाकघरातून ऐकू आले, की घरोघरच्या मुलांची भूक एकाएकी नाहीशी होते. आपल्या भाषेनेही या फळावर थोडा अन्यायच केला आहे. तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच, असे म्हणून तिने कारल्याला दुराग्रही माणसाच्या पंक्तीस नेऊन बसविले! मधुमेह झालेल्या माणसाच्या घरी मात्र हेच कारले मोठ्या मानाने आणले जाते. पहाटे त्याचा हिरवागार रस नाक दाबून पिणारे एखादे आजोबा तुम्ही पाहिले असतील. त्या पेल्यात औषध किती आणि विश्वास किती, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम मधुमेह म्हणजे काय, ते ध्यानी घेऊ. आपण खाल्लेल्या भाताभाकरीची पोटात साखर बनते व ती रक्तात मिसळते. रक्तातून ती शरीरातील पेशींत शिरावी, यासाठी स्वादुपिंडातून इन्शुलिन नावाचा रस पाझरतो. पेशींच्या दाराची ती जणू किल्लीच होय. काहींच्या, विशेषतः लहान मुलांच्या, शरीरात ही किल्ली घडेनाशी होते. पुष्कळ प्रौढांच्या शरीरात ती घडते. पण कुलूप गंजलेले असते. दोन्ही प्रकारांत साखर रक्तात साचून राहते आणि हळूहळू डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा यांना इजा करते.

कारल्याची कीर्ती अगदीच निराधार नाही. १९८१ साली भारतीय संशोधकांनी कारल्यातून काढलेल्या, इन्शुलिनसारखे कार्य करणाऱ्या एका पदार्थाची माहिती प्रसिद्ध केली. २००८ साली चीन व ऑस्ट्रेलिया येथील शास्त्रज्ञांना असे आढळले, की कारल्यातील काही द्रव्यांमुळे स्नायूंच्या पेशी अधिक साखर ओढून घेतात. परंतु काचपात्रातील पेशी निराळ्या आणि चालताबोलता माणूस निराळा. थायलंडमधील एका प्रयोगात काही मधुमेही रुग्णांना चार आठवडे रोज दोन ग्रॅम सुके कारले देण्यात आले. त्यांची साखर उतरली खरी, पण मेटफॉर्मिन या नेहमीच्या औषधाने उतरते तितकी नव्हे. पुढे २०१२ साली अशा चार प्रयोगांचा, म्हणजे ४७९ रुग्णांचा, एकत्र विचार झाला. तेव्हा कारल्याच्या बाजूने निर्णय देण्यास हा पुरावा अपुरा ठरला.

गंमत अशी, की मेटफॉर्मिनचे मूळही एका युरोपीय वनस्पतीतच आहे. तिच्यातील द्रव्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत औषध तयार झाले, त्याची मात्रा ठरली, आणि १९५७ साली फ्रान्समधील डॉक्टर झां स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. कारल्याचे तसे झालेले नाही. एक कारले कोवळे, दुसरे जून. कोणाचा पेला लहान, कोणाचा मोठा. मात्रा ठरावी कशी?

तरीही कारले खाण्यात चूक नाही. त्यात चोथा आहे, 'क' जीवनसत्त्व आहे, आणि साखर फारच थोडी आहे. चूक होते ती रसाच्या भरवशावर औषध सोडण्यात. ज्या मुलाच्या शरीरात इन्शुलिन घडतच नाही, त्याला कोणतीही भाजी तारू शकत नाही. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलाला इन्शुलिन टोचण्यात आले, आणि तो पुढे तेरा वर्षे जगला. त्यापूर्वी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून थोडे दिवस लांबविण्यापलीकडे वैद्यांच्या हाती काही नव्हते.

उलट बाजूही आहे. औषध चालू असताना वर भरपूर रस प्यायल्यास रक्तातील साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. मग हातपाय कापतात, घाम सुटतो, कधी शुद्धही हरपते. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल, तर त्याला तत्काळ साखर द्यावी लागते. म्हणूनच जाणते मधुमेही डॉक्टरांना विचारून कारल्याची भाजी चवीने खातात, गोळी वेळेवर घेतात, आणि फिरायला निघताना खिशात साखरेची एक पुडी ठेवतात.