परक्या संगणकावर मॅक्रो कां अडतो ?

मॅक्रो म्हणजे संगणकास एकदां लिहून दिलेली आज्ञामालिका. वर्गांतील मुलांच्या गुणांची बेरीज करणें, श्रेणी लावणें, प्रत्येकाचें गुणपत्रक वेगळें छापणें, हीं कामें एक्सेलमध्यें हातानें करावयाचीं म्हटल्यास दिवस मोडतात. मॅक्रो तीं कांहीं क्षणांत उरकतो. हे मॅक्रो व्हीबीए नांवाच्या भाषेंत लिहितात. ज्या विद्यार्थ्यांस ही विद्या साधली आहे, त्यांस एक चमत्कारिक अनुभव लवकरच येतो. घरच्या संगणकावर निर्वेध चालणारा मॅक्रो मित्राच्या संगणकावर नेतांच बंद पडतो. एक म्हणतो, "माझ्याकडे चालतो." दुसरा म्हणतो, "माझ्याकडे चालत नाहीं." दोघेही खरें बोलत असतात.

हें समजण्यास वडसा येथील मुलांनीं दूर जावयास नको. दिवाळीनंतर येथील नाटक मंडळ्या झाडीपट्टींतील गांवोगांवीं प्रयोगास निघतात. नाटक तेंच, नट तेच. परंतु तालमीच्या जागीं उजव्या हातास जी खुर्ची होती, ती त्या गांवीं तेथेंच असेल असें नाहीं. संहितेंत खुर्चीचा उल्लेख नसतो. नट मात्र तिच्यावर विसंबलेला असतो. मॅक्रोच्या लिहिलेल्या ओळी सर्वत्र त्याच राहतात. न लिहितां ज्या गोष्टी गृहीत धरल्या, त्या बदलतात. त्या हुडकून काढणें हेंच येथें दोषनिवारण होय.

प्रथम हें पाहावें कीं मॅक्रो दुसऱ्याकडे पोहोंचला तरी आहे काय. साध्या 'एक्सएलएसएक्स' प्रकारांत जतन केलेल्या फाईलींत आकडे जातात, मॅक्रो मागें राहतो. त्यासह जतन करण्याचा प्रकार 'एक्सएलएसएम' हा आहे. शिवाय ई-मेलनें आलेल्या फाईलींतील मॅक्रो एक्सेल २०२२ पासून आपण होऊन रोखून धरूं लागलें. हा दोष नव्हे, पहारा आहे. मॅक्रोच्या आडून अपाय करणारे लोक पुष्कळ आहेत. फाईल ओळखीच्या माणसानेंच पाठविली अशी खात्री असेल, तरच तिच्या 'प्रॉपर्टीज'मध्यें जाऊन 'अनब्लॉक'पुढें खूण करावी.

मॅक्रो मध्येंच थांबला, तर पडद्यावरील संदेश पुरता उतरून घ्यावा व 'डीबग' दाबून कोणती ओळ पिवळी झाली तें पाहावें. 'चालत नाहीं' एवढ्या निरोपावरून कोणासही कांहीं सांगतां येत नाहीं. त्या ओळींत लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या नांवाचा फोल्डर असेल, तर कारण उघडच आहे. तेथें 'धिसवर्कबुक डॉट पाथ' लिहिलें कीं मॅक्रो फाईल जेथें असेल तेथूनच शोध घेतो.

कधीं कधीं मात्र संदेशच फसवितो. 'लेफ्ट' किंवा 'डेट' यांसारख्या अगदीं निरपराध शब्दावर बोट ठेवून एक्सेल म्हणतें कीं लायब्ररी सांपडत नाहीं. शब्दाचा कांहीं अपराध नसतो. 'टूल्स'मधील 'रेफरन्सेस' उघडावें. एखाद्या नांवाआधीं 'मिसिंग' असें दिसेल. लिहिणाऱ्याकडे जोडलेली ती लायब्ररी या संगणकावर नाहीं, आणि तिच्या अभावीं इतर शब्दांचेही अर्थ लागेनासे झाले आहेत. तिची गरज नसेल तर खूण काढावी. असेल तर ती आणून बसवावी.

मराठी मुलांची आणखी एक अडचण आहे. व्हीबीएचा संपादक विंडोजच्या ज्या जुन्या संकेतपत्रकांवर चालतो, त्यांत देवनागरीस स्थान नाहीं. ओळींत 'उत्तीर्ण' असें लिहूं गेल्यास प्रश्नचिन्हांची रांग उमटते. मग कित्येकजण रोमन अक्षरांनाच मराठी रूप देणारा जुना फाँट वापरतात. तो दुसऱ्याकडे नसला कीं मुलांच्या नांवांच्या जागीं अर्थहीन रोमन अक्षरें येतात. मराठी शब्द शीटवरील एखाद्या चौकटींत लिहून मॅक्रोनें तेथून उचलावे, हें उत्तम. अथवा 'सीएचआरडब्ल्यू' यास अक्षराचा युनिकोड क्रमांक द्यावा. २३०९ म्हणजे 'अ'.

येथवर सांगितलेले दोष निदान दिसतात तरी. न थांबतां चुकणारा मॅक्रो खरा घातक होय, आणि त्याचें ठिकाण बहुधा तारीख हें असतें. मजकूर म्हणून लिहिलेली '०५/०३/२०१२' ही जन्मतारीख भारतीय मांडणीच्या संगणकावर ५ मार्च, तर अमेरिकन मांडणीच्या संगणकावर ३ मे अशी वाचली जाते. '२५/०३/२०१२' मात्र दोन्हीकडे २५ मार्चच. कारण पंचविसावा महिना नसल्यामुळें व्हीबीए मुकाट्यानें अर्थ फिरवून घेतें. म्हणजे यादींतील बहुतेक मुलांच्या तारखा बरोबर दिसतात, आणि १ ते १२ तारखेस जन्मलेल्यांच्याच उलटतात. वरवर चाळणाऱ्यास संशयही येत नाहीं. अशा यादीवरून शाळा सोडल्याचा दाखला निघाला, तर पुढें त्या मुलास कचेऱ्यांचे खेटे घालावे लागतात. अंकी व अक्षरी तारीख एकाच मॅक्रोनें लिहिली असेल, तर दोन्हीं सारखींच चुकलेलीं असतात. म्हणून पालकांनीं ती जन्माच्या मूळ दाखल्याशीं ताडून पाहावी.

मॅक्रो लिहिणाऱ्यानें दिवस, महिना व वर्ष वेगळे काढून 'डेटसीरियल' या आज्ञेस द्यावे. मग मांडणी कोणतीही असो, अर्थ एकच राहतो. आणि फाईल दुसऱ्यास देण्यापूर्वी आपल्याच संगणकाची तारखेची मांडणी घटकाभर अमेरिकन करून, ५ मार्चला जन्मलेल्या एखाद्या कल्पित मुलाचें गुणपत्रक छापून पाहावें.