मैत्रिणीची शेळी सांभाळताय? आधी फोटो काढा

ताईंनो, आषाढीला मैत्रीण पंढरपूरला निघाली की तिची शेळी आपल्या दावणीला येते. "बघ गं चार दिवस," एवढ्यावरच व्यवहार. पण शेळी आजारी पडली तर? एवढ्याशा कारणावरून गटातल्या दोघींचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय.

म्हणून शेळी घेतानाच, मैत्रिणीसमोर, मोबाईलवर फोटो काढा. एक कानातल्या बिल्ल्याचा. त्यावरचे १२ आकडे वाचता आले पाहिजेत. उस्मानाबादी शेळ्या बहुतेक काळ्याच, नुसत्या रंगावरून कोणती कुणाची कसं सांगणार? विम्यालाही हाच नंबर लागतो.

दुसरा फोटो डाव्या कुशीचा. शेळी सावलीत उभी करा (उन्हात काळं अंग नुसता डाग दिसतं) आणि खाली बसून काढा. मग रोज सकाळी चारा टाकायच्या आधी तसाच फोटो काढून पहिल्याशी ताडून बघा. पोट फुगलं तर डावी कूसच आधी वर येते. तसं दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. पशुसखीला सांगा, नाहीतर १९६२ ला फोन लावा.

रोजचा फोटो मैत्रिणीलाही पाठवा. दर्शनबारीत उभी राहून ती शेळीच बघत बसेल, बसू द्या.